संख्यांतील नियम मुलांनी शोधावा, आणि त्याचे कारणही
(उद्गामी पद्धतीने गणिताचे अध्यापन)

प्राथमिक शाळेतील गणिताचा तास बहुधा नियमाने सुरू होतो. शिक्षक फळ्यावर नियम लिहितात, एक उदाहरण सोडवून दाखवितात आणि त्याच ठशाची दहा उदाहरणे मुलांना सोडवावयास देतात. मुले ती सोडवितातही. परंतु उदाहरणाचा ठसा किंचित बदलला, की तीच मुले "गुरुजी, यात गुणायचे की भागायचे?" असे विचारू लागतात. ज्या वर्गात हा प्रश्न वारंवार ऐकू येतो, तेथील मुलांजवळ नियम आहेत. परंतु ते नियम कोठून आले हे त्यांस ठाऊक नाही, असे समजावे. पाठ केलेला नियम विसरला, की त्याच्याबरोबर विषयही हातचा जातो; आणि पाचवी-सहावीला पोचेपर्यंत "मला गणित येत नाही" असा निकाल मूल स्वतःविषयी देऊन मोकळे होते. तो निकाल पुढे फिरविणे फार कठीण जाते.

जो नियम मुलाने स्वतः शोधला, त्याची गोष्ट निराळी आहे. तो विसरला तरी पुन्हा शोधता येतो, कारण शोधण्याची वाट त्यास माहीत असते. ही वाट वर्गात कशी घालून द्यावी, आणि तिच्यावर कोठे सावध राहावे, याचे विवेचन गंगापूर तालुक्यातील शिक्षकबंधू-भगिनींसाठी येथे केले आहे.

पद्धतीचे स्वरूप

काही विशेष उदाहरणे पाहून त्यांवरून सर्वसाधारण नियमाकडे जाणे, यास उद्गामी पद्धती म्हणतात. आधी नियम सांगून मग तो उदाहरणांस लावणे, ही अवगामी पद्धती होय. अध्यापक विद्यालयात या दोन्ही पद्धतींचा अभ्यास आपण सर्वांनी केलेला आहे. प्रत्यक्ष वर्गात मात्र उद्गामी पद्धतीचा वापर पुष्कळदा अर्धवट होतो. दोन-तीन उदाहरणे फळ्यावर दाखविली आणि "म्हणून नियम असा" असे शिक्षकांनीच सांगितले, म्हणजे ती पद्धती झाली असे मानले जाते. वस्तुतः तिच्या पाच पायऱ्या आहेत.

१. लहान संख्यांपासून क्रमाने उदाहरणे घेणे.
२. आलेली उत्तरे ओळीने मांडून त्यांतील क्रम न्याहाळणे.
३. पुढचे उत्तर काय येईल, याची अटकळ बांधणे.
४. ती अटकळ प्रत्यक्ष गणित करून पडताळणे.
५. असे का होते, याचे कारण शोधणे.

यांपैकी पाचवी पायरी बहुधा गाळली जाते. परंतु सारे महत्त्व तिचेच आहे. उदाहरणे कितीही घेतली तरी त्यांतून अटकळच हाती येते. त्या अटकळीस नियमाची योग्यता कारण सापडल्यावरच येते. आपल्या जुन्या गणितग्रंथांत या कारणमीमांसेस 'उपपत्ती' असे नाव आहे. मुलांसमोर हा शब्द वापरण्याची गरज नाही, "असे का?" एवढा प्रश्न पुरेसा आहे.

चिंचोक्यांचा पाठ

प्रारंभी अगदी सोपा विषय घ्यावा. मुलांना विषम संख्यांची बेरीज करावयास सांगावी: १; १ + ३; १ + ३ + ५; १ + ३ + ५ + ७. उत्तरे ओळीने लिहावीत: १, ४, ९, १६. येथे शिक्षकांनी थांबावे. पाढे येणारे एखादे मूल "हे तर एके एक, दोन दुणे चार, तीन त्रिक नऊ आहे" असे म्हणतेच. मग "पुढची बेरीज न करता उत्तर सांगा" असे विचारावे. २५ हे उत्तर आल्यावर ते बेरीज करून पडताळून घ्यावे.

येथवर अटकळ झाली. आता चिंचोके घ्यावेत. एक चिंचोका ठेवावा. त्याच्या उजवीकडे एक, वर एक आणि कोपऱ्यात एक असे तीन ठेवले, की दोन-दोनांचा चौरस होतो. त्यालगत उजवीकडे दोन, वर दोन आणि कोपऱ्यात एक असे पाच ठेवले, की तीन-तीनांचा चौरस होतो. प्रत्येक खेपेस चौरसाच्या दोन बाजूंइतके आणि कोपऱ्याचा एक असे चिंचोके लागतात. म्हणजे दर वेळी पुढचीच विषम संख्या लागते. चौरस कितीही मोठा असला तरी हे बदलत नाही. कारण हाती आले, आणि त्याबरोबर १ पासून ९९ पर्यंतच्या सर्व विषम संख्यांची बेरीज करण्याचे सामर्थ्यही आले. त्या संख्या ५० आहेत; म्हणून बेरीज ५० × ५० = २५००. जे गणित पाटीवर करता करता दुपारची सुटी झाली असती, ते तिसरी-चौथीचे मूल तोंडी सांगते.

शाब्दिक उदाहरणे सोडविताना

ही पद्धती शाब्दिक उदाहरणांतही फार उपयोगी पडते. मोठ्या संख्येचे उदाहरण पाहून मूल गोंधळले, तर त्यास तेच उदाहरण लहान संख्येचे करून घ्यावयास शिकवावे.

समजा, केंद्रातील १२ शाळांचे कबड्डी संघ आहेत आणि प्रत्येक संघाचा प्रत्येक इतर संघाशी एक सामना व्हावयाचा आहे. एकंदर सामने किती? मुले बहुधा १२ × १२ किंवा १२ × ११ करून मोकळी होतात. त्यांस "संघ दोनच असते तर?" असे विचारावे. उत्तर १. तीन असते तर ३. चार असते तर ६. पाच असते तर १०. उत्तरे ओळीने मांडली, की १, ३, ६, १० यांत वाढ अनुक्रमे २, ३, ४ अशी होते, हे मुलांच्या ध्यानी येते. सहा संघांचे सामने १५ होतील अशी अटकळ ती स्वतःच बांधतात.

असे का? नवा आलेला संघ आधीच्या प्रत्येक संघाशी एकेक सामना खेळतो. पाचांत सहावा आला, की पाच सामने वाढतात. म्हणून १२ संघांचे सामने १ पासून ११ पर्यंतच्या संख्यांच्या बेरजेइतके, म्हणजे ६६. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या इसवी सन ११५० मधील ग्रंथात अशा बेरजेस 'संकलित' म्हटले आहे. एखादे मूल निराळ्या वाटेने येईल: प्रत्येक संघ ११ सामने खेळतो, म्हणून १२ × ११ = १३२; पण यात प्रत्येक सामना दोनदा मोजला गेला, म्हणून निम्मे ६६. दोन वाटांनी एकच उत्तर आले, याचा आनंद वर्गास अवश्य घेऊ द्यावा.

देवळालीचे शिक्षक

संख्यांतील क्रम न्याहाळण्याच्या छंदातून एका शाळाशिक्षकाने केवढे कार्य केले, याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. लासूर स्टेशनाहून मनमाडमार्गे मुंबईकडे जाताना नाशिकरोडच्या पुढे देवळाली लागते. तेथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिक्षकाचे काम केले. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांस गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले होते. गणितातील उच्च पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संख्या लिहून पाहणे, त्यांतील क्रम ओळखणे आणि त्याचा माग काढीत जाणे, हेच त्यांचे साधन होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन विज्ञान-मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कार्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९४९ साली कापरेकरांना ६१७४ या संख्येचा एक विशेष सापडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून एक संख्या करावी, चढत्या क्रमाने लिहून दुसरी करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. येणाऱ्या वजाबाकीवर हीच क्रिया पुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे क्रिया केली तरी ६१७४ च येत राहते. कोणत्याही संख्येपासून निघालो तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ही संख्या आज 'कापरेकर स्थिरांक' या नावाने सर्वत्र ओळखली जाते.

वर्गासाठी तीन अंकी पाठ

लहान इयत्तांत हीच क्रिया तीन अंकी संख्यांवर करवावी. वर्गातील प्रत्येक मुलाने आपल्या मनाची तीन अंकी संख्या घ्यावी. तिन्ही अंक सारखे मात्र नसावेत. उदाहरणार्थ ३५२ घेतल्यास ५३२ − २३५ = २९७, ९७२ − २७९ = ६९३, ९६३ − ३६९ = ५९४, ९५४ − ४५९ = ४९५; आणि पुढे ४९५ च. प्रत्येकाने संख्या निराळी घेतली असता सर्वांच्या वहीत अखेर ४९५ कसे आले, याचे मुलांना मोठे नवल वाटते. शिवाय हातच्याच्या वजाबाकीचा भरपूर सराव, तो सराव आहे असे न जाणवता, होऊन जातो. वजाबाकीत ०९९ आले तर आरंभीचे शून्य टाकू देऊ नये. ते अंक म्हणून मोजावयाचे आहे.

आता "असे का?" हा प्रश्न. फळ्यावर सर्व मुलांच्या वजाबाक्या लिहाव्यात. २९७, ६९३, ५९४, १९८ अशा त्या सर्वांत मधला अंक ९ आहे आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ आहे, हे मुलांच्या नजरेस येईल. याचे कारण हातच्यात आहे. मधला अंक वर व खाली एकच असतो. वरच्या संख्येचा एकक लहान असल्याने दशकाकडून हातचा घ्यावा लागतो. दशक एकाने कमी होतो. मग त्यातून तोच अंक वजा जात नाही, म्हणून शतकाकडून हातचा घ्यावा लागतो. ३ च्या जागी २ उरले, त्यांचे १२ झाले, १२ − ३ = ९. मधला अंक कोणताही असला तरी येथे ९ च येणार.

म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१ या नऊ संख्यांखेरीज दुसरी संख्या येऊच शकत नाही. तीन अंकी संख्या एकंदर ९००. सारख्या अंकांच्या ९ सोडल्यास ८९१. त्या सर्व तपासण्याचे कारण उरले नाही. या नऊ संख्या मुलांत वाटून द्याव्यात आणि प्रत्येक संख्या ४९५ ला पोचते की नाही ते पाहावे. ०९९ पासून ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५ अशी साखळी होते. दुसऱ्या बाजूने १९८ हे ७९२ ला, २९७ हे ६९३ ला आणि ३९६ हे ५९४ ला मिळते. नऊही तपासल्या, की शंकेस जागा राहत नाही. चौथी-पाचवीच्या मुलांनी एक गणिती सत्य संपूर्णपणे सिद्ध केले, असे आपण निःसंकोच म्हणू शकतो.

चार अंकी संख्यांची उपपत्ती शिक्षकांनी स्वतःसाठी करून पाहावी. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतरास ९९९ ने गुणावे, मधल्या दोन अंकांतील अंतरास ९० ने गुणावे. दोहोंची बेरीज म्हणजे पहिली वजाबाकी. १९०५ साठी ९ × ९९९ + ४ × ९० = ९३५१. पहिले अंतर १ ते ९ पर्यंत असू शकते आणि दुसरे अंतर पहिल्याहून मोठे नसते. म्हणून अशा जोड्या केवळ ५४ होतात. त्या तपासल्या की काम झाले.

जेथे क्रम मोडतो

तीन अंकांत एक संख्या मिळाली, चार अंकांत मिळाली. यावरून "प्रत्येक वेळी अशी संख्या मिळेलच" असे मुले म्हणतील. त्यांस ते म्हणू द्यावे आणि मग दोन अंकी संख्या द्याव्यात. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असा फेरा पडतो. एकच संख्या हाती लागत नाही. पाच अंकी संख्यांतही तसेच: ५३९५५ वरून ५९९९४ येते आणि ५९९९४ वरून पुन्हा ५३९५५. अटकळ खोटी ठरली, हेही शिक्षणच आहे.

दुसरे उदाहरण अंगणात काढून दाखविण्याजोगे आहे. वर्तुळावर दोन बिंदू घेऊन ते रेषेने जोडावेत. वर्तुळाचे २ भाग होतात. तीन बिंदू एकमेकांस जोडल्यास ४ भाग, चारांचे ८, पाचांचे १६. सहा बिंदूंचे किती? सारा वर्ग ३२ म्हणेल. आत तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत अशी दक्षता घेऊन आकृती काढावी आणि भाग मोजावेत. ते ३१ भरतात. तीन वेळा खरी ठरलेली दुप्पट चौथ्या वेळी खोटी ठरते.

तिसरे उदाहरण पुन्हा कापरेकरांच्या अभ्यासातलेच आहे. मुंबईच्या मार्गावरील डेम्लो या रेल्वेस्थानकावरून त्यांनी काही संख्यांस 'डेम्लो संख्या' असे नाव दिले होते. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१ ही त्यांची सुप्रसिद्ध मालिका. नऊ एकांपर्यंत ती अशीच चढत-उतरत जाते. दहा एकांच्या संख्येचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. क्रम मध्येच मोडतो. गुणाकार उभ्या मांडणीत केला म्हणजे कारण दिसते. उभ्या ओळींतील एकांची बेरीज १, २, ३ अशी वाढत जाते आणि पुन्हा उतरते. मधल्या ओळीची बेरीज ९ पर्यंत असते तोवर क्रम टिकतो. ती १० झाली की हातचा पुढे जातो आणि क्रम मोडतो. ज्या मुलाने केवळ क्रम पाहिला, ते दहाव्या पायरीवर फसेल. ज्याने कारण पाहिले, ते नऊ पायऱ्या चढण्याआधीच "दहाव्याला मोडेल" असे सांगेल.

वर्गात पाळावयाची पथ्ये

१. शिक्षकांनी नियम आपण होऊन सांगू नये. उत्तरे ओळीने मांडावीत आणि थांबावे. वर्गातील शांततेस भिऊ नये.

२. चुकीच्या अटकळीस हसू नये, इतरांस हसू देऊ नये. "पडताळून पाहू" एवढेच म्हणावे. चूक ठरविण्याचे काम संख्यांना करू द्यावे.

३. फळ्याचे दोन भाग करून एकात 'आम्हांस वाटते' आणि दुसऱ्यात 'आम्हांस कळले' असे लिहावे. कारण सापडेपर्यंत कोणताही नियम पहिल्या भागातून दुसऱ्यात नेऊ नये.

४. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात. तेथे एकच विषय दोन पातळ्यांवर द्यावा: लहानांनी वजाबाक्या कराव्यात, मोठ्यांनी त्या फळ्यावर मांडून क्रम व कारण शोधावे.

५. प्रत्येक घटकास ही पद्धती लावण्याचा अट्टहास नसावा. नियम कळल्यानंतर सरावासाठी अवगामी पद्धतीच सोयीची असते. आठवड्यातून एक तास शोधासाठी राखून ठेवला, आणि पाठाच्या टाचणात तो स्पष्ट नोंदविला, तरी पुष्कळ झाले.

या पद्धतीचा उपयोग गणिताच्या तासापुरता नाही. आपल्या शाळांतील बहुसंख्य मुले शेतकरी कुटुंबांतील आहेत. "मागची दोन वर्षे कांद्याला भाव मिळाला, म्हणून यंदाही मिळेल" हे अनुमान ती घरी ऐकत असतात. तीही एक अटकळच आहे, दोन उदाहरणांवर बांधलेली. भाव का मिळाला, आणि तोच भाव पाहून सर्वांनीच कांदा लावला तर काय होईल, हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलास लागली, ते मोठेपणी पीक ठरविताना आणि कर्ज काढताना दहाव्या पायरीचा विचार आधी करील.

यास्तव सर्व शिक्षकांस विनंती आहे, की वरीलपैकी निदान तीन अंकी संख्यांचा पाठ आपल्या वर्गात घेऊन पाहावा. मुलांनी केलेल्या अटकळी, त्यांतील खोट्या ठरलेल्यासुद्धा, त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवाव्यात आणि केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना ती टिपणे बरोबर आणावीत. कोणत्या प्रश्नावर वर्ग बोलता झाला आणि कोठे अडला, याची चर्चा तेथे करता येईल.